कुसाबाईंची तारीख

वाल्मीकच्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला कुसाबाई घोटीहून नाशिकला आल्या, पण कोर्टाच्या खोलीत त्या एकदाही आल्या नाहीत. सीबीएस स्टँडला एसटीतून उतरायचं, रस्ता ओलांडायचा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या लिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसायचं आणि सरकारी वकील शामसुंदरराव बाहेर येताना दिसले की उठून उभं राहायचं. आपल्या मुलाच्या, वाल्मीकच्या डोक्यात दगड घालणाऱ्यांवर खटला चालू आहे, तो सरकार चालवतंय आणि सरकार म्हणजे हा काळ्या कोटातला माणूस, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

आत यायचं नाही, हे त्यांना शामसुंदररावांनीच सांगितलं होतं. "तुम्ही कशाला त्या गर्दीत चेंगरून घेता? मी आहे ना आत." तेव्हा या बोलण्यात काही काळंबेरं नव्हतं. म्हातारीला उभं राहावं लागू नये, आरोपींची तोंडं बघावी लागू नयेत, एवढाच हेतू होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे शामसुंदररावांच्या हेतूंचा असा काही गुंता होणार आहे की त्यांचा त्यांनाही सुटायचा नाही.

शामसुंदर क्षेमकल्याणी हे पंचवटीतल्या त्यांच्या घराण्यातले पहिले वकील. वडील, आजोबा, पणजोबा सगळे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगणारे, आणि धाकटा भाऊ आल्हाद आजही तेच करतो. शामसुंदररावांना ओल्या धोतरापेक्षा काळा कोट बरा वाटला आणि तो त्यांना शोभलाही. पण घरातलं वळण कोट घालून थोडंच झाकतं? कोणी गेल्याचा फोन आला की यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघायचा, "किती वाजता?" आणि दुसरा, "नेणार कधी?" लतिकाताई, म्हणजे त्यांची बायको, यावरून त्यांना नेहमी चिडवायच्या. लोक आधी अरेरे म्हणतात, हे आधी मुहूर्त विचारतात, असं त्यांचं म्हणणं.

सरकारी वकिलाचं पद मोठं बेभरवशाचं. सरकार बदललं की वकिलांची यादी बदलते, कालचे साहेब आज बार रूममध्ये पेपर वाचत बसतात. शामसुंदरराव मात्र प्रत्येक यादीत असायचे. कायदा त्यांना येत होता, यात शंकाच नाही. पण नुसता कायदा येणारे पुष्कळ असतात. यांना कुठे बोलायचं आणि कुठे अळीमिळी गुपचिळी करायची, हे त्याहून चांगलं येत होतं. याच गुणावर रविराजदादा त्यांच्यावर फिदा झाले.

दादा तेव्हा जिल्हा परिषदेत होते. एका अपात्रतेच्या प्रकरणात त्यांचं राजकारण गुंडाळलं जायची वेळ आली होती, आणि शामसुंदररावांनी त्यांना एकच सल्ला दिला, की महिनाभर पत्रकारांशी एक अक्षर बोलू नका. दादा गप्प राहिले, विरोधक बडबडून तोंडावर पडले, पद वाचलं. तेव्हापासून दादांचं भाषण असो, प्रतिज्ञापत्र असो की घरातली वाटणी, शामसुंदररावांना विचारल्याशिवाय पान हलेना. दादा आमदार झाले तरी "वकीलसाहेब काय म्हणतात?" हा प्रश्न सुटला नाही. शामसुंदररावांनाही ते आवडायचं. आपण कुठेच दिसत नाही आणि सगळीकडे असतो, याची एक नशा असते, ती त्यांना चढली होती.

मग तो बंदचा दिवस आला. दादा विरोधी पक्षात होते आणि त्यांच्याच पक्षानं बंद पुकारला होता. वाल्मीक काळीपिवळी जीप चालवायचा. बंदला त्याचा काही विरोध नव्हता, सकाळीच भाडं सोडून तो रिकामी गाडी घरी परत आणत होता. हायवेवर टायर पेटवून उभ्या असलेल्या पोरांना ते कसं कळणार? पहिला दगड काचेवर आला, दुसरा वाल्मीकच्या कानशिलावर. तो दुसरा दगड मारणारा दादांचा पुतण्या साई होता, हे बघणारे बरेच होते आणि पोलिसांत सांगणारे दोनच निघाले. तरी गुन्हा नोंदला गेला, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं आणि फिरत फिरत ते प्रकरण शामसुंदररावांच्याच टेबलावर आलं.

त्यांनी ते दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवं होतं. तसं त्यांच्या मनात आलंही. पण मग त्यांना वाटलं, आपल्याइतका सरळ ते कोण चालवेल? ते थेट दादांकडे गेले आणि म्हणाले, "दादा, साईच्या केसमधलं माझ्याशी काही बोलायचं नाही."

"नाही बोलणार," दादा म्हणाले, आणि खरंच कधी बोलले नाहीत. चार लोकांत शामसुंदरराव हे अभिमानानं सांगत. राजकारणातला माणूस आहे, पण शब्दाचा पक्का.

वाल्मीक वर्षभर अंथरुणात होता. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. कुसाबाई त्याला भरवायच्या, पुसायच्या, आणि तारखेला शेजारणीच्या भरवशावर टाकून नाशिकला यायच्या. "आज डोळं उघडलं व्हतं सायेब त्यानं," असं लिंबाखाली उभ्या राहून सांगायच्या. मग एका पहाटे तो गेला.

फोन आला तेव्हा शामसुंदरराव गॅलरीत चहा घेत होते. पलीकडे कुसाबाई.

"सायेब, वाल्या गेला."

"किती वाजता?"

"तांबडं फुटाया. सायेब, हितं लोक म्हणत्यात पोलिसाला कळवाया लागंल. ते दवाखान्यात नेत्याल आन फाडत्याल त्याला. मला काय सुचंना. तुमी सांगाल तसं करू."

शामसुंदररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे खोटं नाही. वर्षभर त्या बाईचं तोंड बघितलेला कोणीही माणूस असता तरी आलं असतं. ते म्हणाले, "वर्षभर भोगलंय त्यानं. आता त्याच्या अंगाला कोणी हात लावायला नको, आई. वेळेत न्या. अस्थी इकडे घेऊन या, माझा भाऊ सगळं यथासांग करील. एका पैशाचा खर्च नाही."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या क्षणी बोलला तो सरकारी वकील नव्हता, रामकुंडावरच्या सात पिढ्या बोलल्या. वकील असता तर म्हणाला असता, थांबा, प्रेताला हात लावू नका, आधी पोलीस बोलवा. दगड लागला आणि माणूस वर्षानं गेला, या दोहोंच्या मध्ये डॉक्टरचा शब्द लागतो. तो असला तर खुनाच्या प्रयत्नाचा खटला मृत्यूचा होतो. नसला तर माणूस कागदावर आजारानं जातो.

हे त्यांच्या लक्षात आलं दाढी करताना. वस्तरा गालावरच थांबला. घोटीला अजून तयारी चालली असेल, एक फोन केला तर सगळं थांबवता येईल. त्यांनी ओल्या हातानं फोन उचललासुद्धा. पण सकाळी एक सांगितलं आणि आता दुसरं कसं सांगायचं? तिरडी बांधलेल्या घरात पोलीस पाठवायचे? त्यांनी फोन परत ठेवला आणि दुसरा गाल पूर्ण केला. लतिकाताईंनी विचारलं, कोणाचा फोन होता? ते म्हणाले, घोटीचा एक पोरगा गेला, सुटला बिचारा.

अस्थी घेऊन कुसाबाई रामकुंडावर आल्या. आल्हादनं सगळं नीट केलं. पाण्यात अस्थी सोडताना तो सवयीनं सांगतो तसं त्यानं सांगितलं, की आई, इथे हाडं विरघळतात, काही मागे राहत नाही. कुसाबाई पाण्याकडे बघत राहिल्या. दक्षिणेची नोट त्यानं परत केली तेव्हा त्या रडल्या आणि काठावर उभ्या असलेल्या शामसुंदररावांच्या पाया पडल्या. त्यानंतर घोटीच्या बाजारात कोणी विषय काढला की त्या म्हणायच्या, वकीलसायबानं माझ्या पोराचं सोनं केलं.

पुढच्याच निवडणुकीत दादांचं सरकार आलं. दादा मंत्री झाले आणि महिन्याभरात शामसुंदरराव जिल्हा सरकारी वकील. केबिन, बाहेर शिपाई, गाडीवर पाटी. बार रूममध्ये हार घातले, पेढे वाटले. आता कुठे आपल्या कामाचं चीज झालं, असं त्यांना वाटलं, आणि लतिकाताईंनी काळ्या रामाला नारळ फोडला.

वाल्मीकचा खटला चालत राहिला, म्हणजे तारखा पडत राहिल्या. कधी आरोपी आजारी, कधी पंच सापडेना, कधी न्यायाधीशांची बदली. वाल्मीक गेला ही गोष्ट कोर्टापुढे आणायची राहिली होती. डॉक्टरची साक्ष येईल तेव्हा आणू, असं शामसुंदरराव स्वतःला सांगत. डॉक्टरची साक्ष काही येत नव्हती, आणि ती यावी म्हणून कोणी धावपळ करतंय असंही नव्हतं. कुसाबाई लिंबाखाली उभ्या राहत, हे पुढची तारीख सांगत, त्या ती तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणत आणि जात. लिहून घ्यायची त्यांना कधी गरज पडली नाही. भात लावणी झाल्यावरची, घटस्थापनेच्या आदली, बाजाराच्या दिवसाची, अशा त्यांच्या खुणा असत.

मग एका दिवाळीच्या सुमाराला सरकारनं ठरवलं, की राजकीय आंदोलनांतले जुने खटले मागे घ्यायचे. अट एकच महत्त्वाची, की आंदोलनात कोणाचा जीव गेलेला नसावा. जिल्ह्याची प्रकरणं शामसुंदररावांकडे आली आणि त्यात साईचा खटला होता.

आरोहीनं तो आधी पाहिला. आरोही त्यांची ज्युनिअर, चांदवडची, वडील कांद्याचे व्यापारी. पोरगी बोलायला रोखठोक.

"सर, ही केस यात बसतच नाही. माणूस गेलाय."

"नाहीच बसत," शामसुंदरराव म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. कायदाही त्यांच्या बाजूनं होता. सरकारनं कितीही ठरवलं तरी खटला मागे घ्यायचा अर्ज सरकारी वकिलानं स्वतःच्या बुद्धीनं करायचा असतो. मंत्र्यानं सांगितलं म्हणून करता येत नाही. त्यानं नाही म्हटलं की घोडं तिथेच अडतं. आपण नाही म्हणायचं, बस. त्या सकाळी त्यांनी केबिनमध्ये दोन चहा मागवले आणि आरोहीला बसवून पाजला, असं कधी होत नसे.

दुसऱ्या दिवशी दादा विश्रामगृहावर उतरले होते. शामसुंदरराव भेटायला गेले. दादा पोहे खात होते, त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

"दादा, साईची केस यातून काढावी लागेल."

"का बरं?"

"वाल्मीक गेला ना. जीव गेलेली प्रकरणं यात घेता येत नाहीत."

"तो आजारानं गेला."

"दगडानं गेला, दादा."

"असं कोणता डॉक्टर म्हणतो?"

दादांनी बशी बाजूला ठेवली, तोंड पुसलं. ते चिडलेले नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर माया होती, आणि पुढे शामसुंदररावांना झोपेतून उठवायची ती हीच माया.

"वकीलसाहेब, इतक्या वर्षांत हा विषय मी तुमच्यापाशी एकदा तरी काढला का?"

"नाही. म्हणूनच तर..."

"काढायची गरजच ठेवली नाहीत तुम्ही. पोरगा गेला त्याच दिवशी मला गावातून कळलं, की वकिलांनी पोस्टमार्टेम नको म्हणून सांगितलं. मी घरात म्हटलं, बघा, याला म्हणतात माणूस. आपण काही बोललो नाही, त्यानं काही मागितलं नाही, आणि काम कसं बिनबोभाट केलं. बाई वर आशीर्वाद देते आहे. त्याच दिवशी ठरवलं होतं मी, आपलं सरकार आलं की जिल्हा यांच्याकडे द्यायचा."

"दादा, ते मी तुमच्यासाठी केलं नव्हतं."

दादा हसले आणि त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "असंच म्हणायचं असतं. मला कळतं."

शामसुंदरराव पुन्हा म्हणाले, "खरंच नव्हतं केलं. त्या बाईसाठी केलं." पण त्यांचा आवाज त्यांनाच खोटा वाटला. दादांनी ऐकून घेतलं, मान हलवली. मग म्हणाले की तुम्हाला विरोध करायचा तर खुशाल करा, मी आडवा येणार नाही. फक्त कोर्टानं विचारलं की पोस्टमार्टेम का झालं नाही, तर काय सांगायचं ते आधी ठरवून जा. आणि हो, मुंबईला मंत्रालयात मला कायद्याचा सल्लागार लागतोय. दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या मनात नाही.

धमकी असती तर शामसुंदररावांना बरं वाटलं असतं. धमकीपुढे माणूस ताठ तरी होतो. इथे त्यांना कोणी दाबत नव्हतं. ज्या केबिनमध्ये आपण बसतो, जी पाटी गाडीवर लावतो, ते हार, ते पेढे, तो काळ्या रामाचा नारळ, सगळं त्या एका सकाळच्या फोनचं बक्षीस होतं आणि जिल्ह्यात बहुधा आपल्यालाच ते माहीत नव्हतं, हे त्यांना आज कळलं. आयुष्यात एक काम निव्वळ माणुसकीनं केलं असं वाटत होतं. नेमकं तेच चाकरी म्हणून जमा झालं होतं.

ते तिथून थेट रामकुंडावर गेले. आल्हाद एका कुटुंबाचा विधी उरकून पायरीवर बसला होता.

"आल्हाद, घोटीच्या त्या बाईचा मुलगा गेला, तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं?"

"म्हणालास, नीट कर आणि दक्षिणा घेऊ नको."

"का म्हटलं असेन मी?"

आल्हादनं त्यांच्याकडे बघितलं. "मला काय माहीत? तू कधी कोणाची दक्षिणा सोडायला सांगत नाहीस. मला वाटलं, काहीतरी असेल तुझं." एवढं बोलून तो पुढच्या यजमानांना हाका मारायला उठला.

सख्ख्या भावालाही तसंच वाटलं होतं. शामसुंदरराव पायरीवर बसून राहिले. त्यांनी त्या सकाळची पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं, हे खरं. पण वस्तरा गालावर थांबला होता, तेव्हा मनात काय होतं? फोन उचलून ठेवला, तो कुसाबाईंना त्रास नको म्हणून, की साई सुटेल म्हणून? साईचं नाव तेव्हा मनात आलंच नव्हतं, असं शपथेवर सांगता येईल का? आयुष्यभर त्यांनी साक्षीदारांना पिंजऱ्यात उभं करून असले प्रश्न विचारले होते आणि साक्षीदार अडखळला की न्यायाधीशांकडे बघून हलकंसं हसले होते. आता ते स्वतः अडखळले आणि बघायला समोर कोणी नव्हतं.

आरोहीनं खटला मागे घेता येत नाही असं कोर्टाला सांगणारं लेखी म्हणणं तयार करून ठेवलं होतं. त्यात तिनं लिहिलं होतं, की जखमीचा मृत्यू दगडाच्या मारानंच झाला, शवविच्छेदन झालं नाही ते सरकारी वकिलांच्याच तोंडी सल्ल्यामुळे, आणि त्याबद्दल ते स्वतः साक्ष द्यायला तयार आहेत. फोनची हकिगत तिला कुसाबाईंनीच सांगितली होती, कौतुकानं.

"सर, मृत्यू कोर्टापुढे आणायचा तर मार्ग हा एकच आहे. तुम्ही साक्षीदार व्हायचं."

"मग ही केस मला सोडावी लागेल. पदही."

"हो सर," आरोही म्हणाली. तिला त्यात काही मोठं वाटत नव्हतं. पंचविशीत वाटत नाही.

"आणि ते विचारतील, हे आजवर कोर्टाला का सांगितलं नाहीत?"

आरोहीनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. शामसुंदररावांनी तिचं म्हणणं वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि बॅगेत ठेवलं. खटला मागे घेण्याचा अर्जही त्याच बॅगेत होता. सकाळी घरातून निघेपर्यंत त्यांचं तळ्यात मळ्यात चालू होतं. लतिकाताईंनी डबा हातात देताना विचारलं, मुंबईला क्वार्टर मिळेल का हो? ते डबा घेऊन जिना उतरले.

लिंबाखाली कुसाबाई येऊन बसल्या होत्या. यांना बघून उठल्या. "सायेब, आज काय व्हईल?"

"बघू. तुम्ही बसा इथेच."

न्यायाधीशबाई नवीन होत्या, विदर्भातून बदलून आलेल्या, आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या. साई आणि बाकीचे आरोपी मागच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसले होते. पुकारा झाला. शामसुंदरराव उठले, बॅगेत हात घातला. दोन्ही कागद हाताला लागले. पिंजऱ्याकडे त्यांची नजर गेली. तिथे आपण उभे आहोत, कोट नाही, आणि साईचा वकील विचारतो आहे, सरकारी वकील असूनही तुम्ही असं सांगितलंत, याचं कारण काय? पद जाण्याची भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी भीती ही होती, की तिथे उभं राहून आपण कारण सांगायला तोंड उघडू आणि दादा म्हणतात तेच खरं निघेल.

त्यांनी अर्ज काढून दिला. शेजारी आरोही खुर्चीत ताठ झाली.

"सरकारी वकिलांनी यावर स्वतः विचार केला आहे का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "शासनाचं पत्र आलं म्हणून अर्ज, असं नको."

"स्वतः विचार केला आहे, मॅडम."

"जीवितहानी?"

"अभिलेखावर नाही."

"जखमी व्यक्ती हजर आहे?"

"तो नंतर मयत झाला, मॅडम. आजारानं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग त्याच्या घरचं कोणी? त्यांना काही म्हणायचं असेल तर मी आधी ते ऐकेन."

खिडकीतून लिंब दिसत होता. लिंबाखाली मांडीवरची पिशवी धरून बसलेल्या कुसाबाई दिसत होत्या. शिपायाला नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. इतकी सोपी गोष्ट देवानं त्यांच्यापुढे शेवटची म्हणून ठेवली होती.

"कोणी हजर नाही, मॅडम."

आरोही उठली आणि बाहेर निघून गेली. न्यायाधीशबाईंनी अर्ज मंजूर केला. साई बाकावरून येऊन भर व्हरांड्यात शामसुंदररावांच्या पाया पडला. "काका, तुमच्यामुळे," एवढंच म्हणाला. तोही आता तिशीचा, दोन मुलांचा बाप झाला होता.

शामसुंदरराव आवारात आले तेव्हा आरोही लिंबाच्या पलीकडे उभी होती. तिनं कुसाबाईंना काही सांगितलं नव्हतं. हे तुम्हीच सांगा, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. कुसाबाई उठून उभ्या राहिल्या, पिशवी पुढे केली.

"सायेब, नवा तांदूळ हाय. औंदा वास लय चांगला आलाय. घरी न्या." मग पदर सारखा करून विचारलं, "काय झालं आज?"

त्यांनी सांगायला तोंड उघडलं. खटला संपला, आई. साई सुटला. मी सोडला. एवढी तीन वाक्यं होती. पण ते तोंड इतकी वर्षं या जागी उभं राहून एकच गोष्ट बोलत आलं होतं, आणि आजही त्यातून तीच निघाली.

"पुढची तारीख मिळाली."

"कंची?"

"संक्रांत झाली की. एकवीस."

"संक्रांत झाली की, एकवीस," कुसाबाई तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणाल्या. "येते मंग." आणि रस्ता ओलांडून एसटीकडे गेल्या.

आरोही दुसऱ्या दिवसापासून केबिनला आली नाही. नव्या वर्षात शामसुंदरराव मुंबईला गेले, मंत्रालयात त्यांच्या नावाची पाटी लागली. दादा त्यांना विचारल्याशिवाय आजही सही करत नाहीत. लतिकाताईंना क्वार्टर आवडलं, फक्त पाणी कमी येतं म्हणतात.

आणि संक्रांत झाल्यावर एकवीस तारखेला शामसुंदरराव सगळी कामं टाकून नाशिकला आले. आज सांगायचंच, असं घाट चढेपर्यंत ठरवलेलं होतं. इगतपुरी मागे पडली आणि ठरवलेलंही मागेच राहिलं. लिंबाखाली कुसाबाई होत्याच. ते मागच्या दारानं कोर्टात शिरले, व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहिले, पुढच्या दारानं बाहेर आले आणि त्यांना होळीनंतरची एक तारीख दिली. मग अक्षय्य तृतीयेनंतरची. असा कोणताही खटला आता कोणत्याही न्यायालयात नाही. तरी त्याच्या तारखा नेमानं पडतात.

कुसाबाई आता थकल्या आहेत. लिंबाच्या बुंध्याला धरून उठतात. एक तारीख अशी येईल की त्या येणार नाहीत आणि आपण सुटू, असा विचार मागच्या खेपेला गाडीत शामसुंदररावांच्या मनात आला. त्यांना स्वतःची इतकी किळस आली, की ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सांगून ते रस्त्यावर उभे राहिले.

त्या दिवशी कुसाबाईंनी पहिल्यांदाच काही वेगळं विचारलं.

"सायेब, तुमी आता मुंबईला मोठे झाले म्हणत्यात गावात. मंग हितं आत आमच्या बाजूनं कोण असतंय?"

"मी आहे ना," शामसुंदरराव म्हणाले.

"मंग काय काळजी नाय," असं म्हणून त्या पिशवीतला तांदूळ काढायला खाली बसल्या.